कोटणीसांच्या नावाची सुई

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना माझ्या तोंडात "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" लई वेळा येतं, तेवढं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच.

यावेळची गोष्ट आमच्या लातूरच्या घरात सुरू झाली. दिवाळीला पुण्याहून घरी गेलो, तर फ्रिजवर आईच्या बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप तशीच पडलेली. एकही गोळी काढलेली नाही. विचारलं तर म्हणाली, "अरे, त्या शिबिरात सांगितलं, दहा सिटिंग झाल्या की गोळीची गरज राहत नाही. सुया टोचतात, दुखत बी नाही काही. गुडघा बघ कसा हलका झालाय."

शेजारच्या काकूंकडून मशीन आणलं. बीपी १७२ वर १०४. त्याच संध्याकाळी तिच्या नेहमीच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो, गोळ्या परत सुरू झाल्या. शिबिर कुणाचं, कुठल्या हॉलमध्ये, ते सांगत बसत नाही. पण त्यांचं पत्रक आईनं जपून ठेवलं होतं. वर डॉ. कोटणीसांचा फोटो आणि खाली ओळ, की ही विद्या कोटणीसांनी चीनमधून भारतात आणली.

मी थांबलोच. कोटणीस तर चीनमधून परत आलेच नाहीत. मग आणली कुणी?

ते शोधत गेलो आणि हा एपिसोड झाला. दुसरं कारण आईचा प्रश्न. मी जरा जास्तच चिडून बोललो तेव्हा ती म्हणाली, "मग गुडघा हलका झाला ते बी खोटं का?" याचं उत्तर तेव्हा माझ्याकडं नव्हतं.

तर आधी कोटणीस. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. लातूरहून सोलापूर म्हणजे एसटीनं तीनेक तासांचं अंतर. पण तेव्हा मधे सरहद्द होती. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, आपलं लातूर-नांदेड निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कोटणीसांनी मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये शिक्षण घेतलं, तेच आपलं केईएमवालं कॉलेज.

१९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठा हल्ला केला. चीनकडं जखमी भरपूर आणि डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कम्युनिस्ट सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी लोकांना आवाहन केलं, सुमारे २२ हजार रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी आणि डॉ. बिजॉयकुमार बसू, आणि सोलापूरचे कोटणीस. पाचात दोन मराठी. चोळकर सगळ्यांत वयस्कर होते, त्यांचं नाव आज नागपुरात तरी किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट निघाली. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. म्हणजे माझ्या वयाचेच, जवळपास. मी २७ व्या वर्षी नोटीस पिरियड बायआउट होतो का हे बघत होतो, असो. त्याच सप्टेंबर महिन्यात इकडं निजाम सरकारनं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली आणि पुढच्या महिन्यात स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रह करून तुरुंगात गेले. नांदेडच्या विद्यापीठाला नाव आहे तेच स्वामीजी. एकाच शरद ऋतूतल्या या दोन गोष्टी, पण आम्हाला शाळेत कधी एका पानावर दिसल्या नाहीत.

पथक काही महिने फिरत फिरत येनानला पोहोचलं, फेब्रुवारी १९३९ मध्ये. हे माओच्या कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं. लोक डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये राहायचे, दवाखाना बी गुहेतच. पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या शेवटी "हुआ" लावलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ख दिहुआ, बसू झाले बा सुहुआ. या बसूंचं नाव लक्षात ठेवा.

प्रवासातच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली होती. तरी ते परतले नाहीत. चोळकर आणि मुखर्जी आधी आले, मग अटल आले. कोटणीस आणि बसू राहिले. कोटणीस उत्तरेकडं आघाडीवर गेले, एकदा सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या असं त्यांच्याबद्दल सांगतात. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे सर्जन, ते याच युद्धात बोट कापून झालेल्या संसर्गानं १९३९ मध्ये गेले होते. वर्षाच्या शेवटी कोटणीसांनी तिथल्या नर्सिंगच्या शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अपस्माराच्या झटक्यांनी, कोटणीस गेले. वय ३२. ते तेव्हा विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहीत होते.

व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये "डॉ. कोटणीस की अमर कहानी" काढला, स्वतःच कोटणीस झाले. त्यात प्लेगची साथ वगैरे आहे, त्यामुळं कोटणीस प्लेगनं गेले असं कित्येकांना वाटतं. आमचे नांदेडचे मामा त्यातलेच. मी अपस्मार म्हणालो तर मला म्हणाले, "तू पिक्चर पाहिलाय का?"

आता बघा. या सगळ्या गोष्टीत ॲक्युपंक्चर कुठं आलं? कुठंच नाही. कोटणीस सर्जन होते. त्यांच्या हातात सुई असायची ती टाके घालायची.

मग चिनी सुईचं काय चाललं होतं त्या काळात? इथं मला सगळ्यात मोठा धक्का बसला. आपल्याला वाटतं की पाच हजार वर्षं चिनी लोक अखंड सुया टोचत आलेत. तसं नाहीये.

चिनी भाषेत या उपचाराला झेनज्यू म्हणतात. झेन म्हणजे सुई आणि ज्यू म्हणजे शेक, जाळणं. त्वचेवर किंवा त्वचेजवळ एका वनस्पतीचा वाळवलेला कापसासारखा चुरा पेटवतात. ती वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली. जोतिबाला वाहतात तो दवणा. १९७३ मध्ये चीनमध्ये मावांगदुई इथं एका जुन्या कबरीतून रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ निघाले. कबर इसवी सनापूर्वी १६८ ची. त्यात शरीरातले अकरा मार्ग दिलेत आणि त्यावर शेक द्यायला सांगितलंय, पण सुईचं नाव नाही. सुयांची सविस्तर चर्चा येते ती पिवळ्या सम्राटाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात, जो साधारण त्याच्या पुढच्या एक-दोन शतकांत आकाराला आला. म्हणजे आधी डागणं, मग टोचणं.

हे वाचताना मला आमच्या आज्जीचं पोट आठवलं. बेंबीच्या बाजूला चार गोल डाग. लहानपणी पोटात दुखायचं म्हणून विळा तापवून दिलेले. मराठवाड्यात जुन्या माणसांच्या अंगावर असे डाग अजून दिसतात. सुश्रुतानंही अग्निकर्म सांगितलंय. दुखऱ्या जागेला दुसरीकडून चटका द्यायचा ही कल्पना एकट्या चीनची नाही. (आणि कुणी बाळाला डाग द्या म्हणत असेल तर बाळ उचला आणि दवाखाना गाठा. त्यात जीव जातात.)

पुढं चीनमध्ये कालांतरानं सुईची इज्जत घटली. १८२२ मध्ये सम्राटानं राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चरचा विभागच बंद करून टाकला. १९२९ मध्ये तिथल्या राष्ट्रवादी सरकारपुढं अख्ख्या पारंपरिक वैद्यकावर बंदी घालायचा प्रस्ताव आला, तो वैद्यांच्या आंदोलनामुळं बारगळला. शिकलेल्या चिनी तरुणांना ही विद्या मागासलेली वाटायची.

ती परत उभी राहिली ती येनानच्या गुहांमध्ये, औषधाच्या टंचाईमुळं. कम्युनिस्टांची चहूबाजूंनी नाकेबंदी. गोळ्या नाहीत, भूल द्यायला औषध नाही. सुई मात्र स्वस्त, परत परत वापरता येणारी, आणि ती टोचू शकणारी माणसं खेड्याखेड्यात. १९४४ मध्ये माओनं आधुनिक डॉक्टरांनी जुन्या वैद्यांबरोबर काम करावं असा आग्रह धरला. रेन झुओतिएन नावाच्या डॉक्टरनं शिकवायची तयारी दाखवली, आणि झू लिएन नावाची, आधुनिक वैद्यक शिकलेली बाई त्याची विद्यार्थिनी झाली. एप्रिल १९४५ मध्ये येनानच्या बेथ्यून रुग्णालयात ॲक्युपंक्चरचा विभाग सुरू झाला. झू लिएननं १९५१ मध्ये "नवं ॲक्युपंक्चर" या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात तिनं जुनी ऊर्जा-बिर्जा बाजूला ठेवून मज्जासंस्थेच्या भाषेत मांडणी केली.

तारीख बघितली का? एप्रिल १९४५. कोटणीस जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती.

क्रांतीनंतर साठ कोटींच्या आसपास लोक आणि आधुनिक डॉक्टर अगदी थोडे. माओनं हाताशी असलेल्या पाच लाखांच्या आसपास वैद्यांना व्यवस्थेत घेतलं, १९५५ मध्ये बीजिंगला पारंपरिक वैद्यकाची अकादमी निघाली. वेगवेगळ्या घराण्यांच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या, त्या गाळून-चाळून एक अधिकृत अभ्यासक्रम केला. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर दहा फोर्क मर्ज करून एक स्टँडर्ड रिलीज. आज जगभर ३६१ बिंदूंचा जो नकाशा टांगलेला दिसतो, तो या सगळ्यातून पक्का झालेला. गंमत म्हणजे माओचे खासगी डॉक्टर ली झीसुई यांनी आठवणींमध्ये लिहिलंय की माओ स्वतःसाठी मात्र पाश्चात्त्य औषधच पसंत करायचा.

आता बसूंकडं या. ते १९४३ मध्ये भारतात परतले होते. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले. त्यांना सायनसचा जुना त्रास होता, तिथं सुईनं आराम पडला आणि त्यांनी ते तंत्र शिकून घेतलं. १९५९ मध्ये कलकत्त्यात परतून त्यांनी उपचार सुरू केले. भारतातल्या ॲक्युपंक्चरची सुरुवात इथून मोजतात. म्हणजे विद्या आणली ती बसूंनी. कोटणीसांनी नाही.

मग नाव कोटणीसांचं का? तीनच वर्षांत १९६२ चं युद्ध झालं. चीनचं नाव काढणंसुद्धा अवघड झालं असताना चिनी उपचार लोकांना कसा सांगायचा? १९७० च्या दशकात बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉ. कोटणीस स्मृती समितीच्या नावानं काम वाढवलं. बंगालमध्ये दवाखाने निघाले, लुधियानात कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे. दोन्ही देशांत ज्याच्याबद्दल कुणी वाईट बोलणार नाही असा हा एकच माणूस होता. मित्रानं मित्राचं नाव पुढं केलं, स्वतः मागं राहिला. मला यात काही वावगं वाटत नाही. फक्त पन्नास वर्षांनी त्याचं लातूरच्या पत्रकावर काय झालं ते तुम्ही पाहिलंच.

पश्चिमेकडची गोष्ट पटकन सांगतो. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनवर झालं. नंतर पोट फुगून दुखायला लागलं त्यावर सुया लावल्या. त्यांनी लेख लिहिला, तो वाचलेल्यांनी पुढं सांगताना त्याचं "भूल न देता सुईवर ऑपरेशन" करून टाकलं. व्हॉट्सॲप नव्हतं तरी फॉरवर्ड होते.

आता आईचा प्रश्न. गुडघा हलका झाला ते खोटं का?

गुडघ्याऐवजी कंबरेचा एक अभ्यास सांगतो, कारण तो मला सगळ्यात स्वच्छ वाटला. जर्मनीत झाला, २००७ मध्ये छापला. जुनी कंबरदुखी असलेले ११६२ रुग्ण, तीन गट. पहिल्याला बरोबर बिंदूंवर सुया. दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी फरक पडलेले: पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ आणि तिसऱ्यात २७.४.

हे आकडे नीट बघा, कारण दोन्ही बाजूंचे लोक त्यातले अर्धेच सांगतात. सुईवाले सांगतात की नेहमीच्या उपचारापेक्षा सुई सरस ठरली. खरंय. विरोधक सांगतात की खरी आणि खोटी सुई जवळपास सारखीच. तेही खरंय. म्हणजे टोचून घेण्यानं, अर्धा तास शांत पडून राहण्यानं, कुणीतरी लक्ष देऊन विचारपूस करण्यानं, आणि बरं वाटेल या अपेक्षेनं दुखणं खरोखर कमी होतं. पण ३६१ बिंदूंचा नकाशा अचूक असण्याशी त्याचा फारसा संबंध दिसत नाही. शरीर स्वतःची वेदनाशामकं तयार करतं, ती यात काही भाग घेतात असं १९७० च्या दशकातल्या प्रयोगांतूनही दिसलं होतं. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर यादीतून काढलं आणि २०२१ मध्ये दीर्घकाळच्या विशिष्ट वेदनांसाठी त्याचा विचार करावा असं म्हटलं. तज्ज्ञांचंही असं तळ्यात-मळ्यात चालू आहे.

पण हे सगळं दुखण्यापुरतं. बीपी आणि शुगर ही दुखणीच नाहीत हो. १७२ बीपी असताना आईला काही वाटत नव्हतं, उलट गुडघा हलका म्हणून ती खुशीत होती. तिथंच फसगत झाली. गुडघ्यानं जो भरवसा कमावला तो शिबिरवाल्यांनी बीपीच्या खात्यात वळता केला.

चिनी परंपरेतलं सगळं असंच धूसर आहे असं मात्र समजू नका. १९६७ मध्ये माओच्या सरकारनं मलेरियाच्या औषधासाठी गुप्त मोहीम काढली. थू यूयू या शास्त्रज्ञ बाईनं जुने ग्रंथ चाळले, चौथ्या शतकातल्या एका पुस्तकात दवण्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीचा रस थंड पाण्यात काढायला सांगितलेला तिला सापडला. उकळल्यानं गुण जातो हे तिच्या लक्षात आलं. त्यातून आर्टेमिसिनिन निघालं, २०१५ मध्ये तिला नोबेल मिळालं, आणि त्यापासून बनलेल्या गोळ्या आज आपल्या सरकारी दवाखान्यांत मलेरियाला देतात. ग्रंथातले शेकडो नुस्खे तपासले, त्यातला एक टिकला.

कायद्याचं काय? केंद्रानं २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराची एक पद्धत म्हणून मान्यता दिली, स्वतंत्र वैद्यकशास्त्र म्हणून नाही. पश्चिम बंगालचा कायदा १९९६ चा, महाराष्ट्रानं २०१५ मध्ये केला. आपल्याकडं त्यासाठी परिषद आहे आणि उपचार करणाऱ्याची नोंदणी असते. तेव्हा घरचं कुणी जात असेल तर नोंदणी क्रमांक विचारा. सुया पाकिटातून नव्या काढतात का ते समोर बघा. छातीवर, पाठीच्या वरच्या भागात खोल टोचू देऊ नका, फुफ्फुसाला भोक पडल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. आणि कुणी चालू गोळी बंद करा म्हणालं तर त्याच क्षणी उठा.

गेल्या महिन्यात आईला घेऊन सोलापूरला गेलो. भैया चौकात कोटणीसांचं स्मारक आहे. आईनं सगळे फोटो एकेक करून पाहिले. छिंगलान यांच्या फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली. "आणि पोरगं?" म्हणाली. यिनहुआ १९६७ मध्ये गेला, पंचविशी पण पूर्ण नव्हती, डॉक्टरकीच शिकत होता, हे मी सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही. बाहेर आल्यावर तिनं विचारलं की ते दुसरे बंगाली डॉक्टर, सुई आणणारे, त्यांचा फोटो पत्रकावर कामून नव्हता.

बीपी सध्या १३० च्या आसपास आहे. गुडघ्यासाठी ती फिजिओनं दिलेले व्यायाम करते, रोज नाही, पण करते. नोंदणी असलेल्या ॲक्युपंक्चरवाल्याकडं जायचं का, ते तिच्या डॉक्टरला विचारून ठरवू असं आमचं ठरलंय. शिबिराच्या उरलेल्या चार सिटिंगचे पैसे परत मागितलेत. दोनदा फोन केला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

पुढचा एपिसोड पंधरा दिवसांनी. तुमच्या घरी कुणाच्या अंगावर डागण्याची खूण असेल, तर ती कधी, कुणी, कशासाठी दिली हे विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. आज्जी-आजोबांच्या आवाजात असेल तर लई भारी.